धागा: डायलिसिसवरचा मित्र गेल्यानंतर – दोस्तांनी करायची कामं आणि सोसायच्या गोष्टी

कोरडी_विहीर
किडनीच्या आजारावर इथे धागे भरपूर आहेत. पथ्य, फिश्चुला (डायलिसिसच्या सुयांसाठी हातात शस्त्रक्रियेनं जोडलेली रक्तवाहिनी), योजनांची कागदपत्रं, सगळं सापडतं. पण डायलिसिसवर असलेला तिशी-पस्तिशीतला माणूस गेला, तर त्याच्या जिवलग दोस्तांनी पुढे काय करायचं यावर एक ओळ नाही. म्हणून हा धागा. आठवणी आणि श्रद्धांजलीसाठी वेगळा धागा काढा; इथे ज्याला जे नक्की ठाऊक आहे तेवढंच लिहू या.

पहिला मुद्दा माझा. पेशंट आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा, दर वेळी साधारण चार तास मशीनवर असतो. नेणं-आणणं धरलं तर अर्धा दिवस जातो. घरचे नोकरीवर असतात, म्हणून यातली एखादी पाळी हमखास मित्राकडे येते. माणूस गेला की ती वेळ तशीच उरते. मंगळवार-शुक्रवारची सकाळची पाळी असेल, तर मंगळवार-शुक्रवारी पहाटे जाग येतेच. वाढदिवस आणि पुण्यतिथी हे नंतरचं. सुरुवातीला शोक या ठरलेल्या तासांत अंगावर येतो. तेव्हा पहिले काही आठवडे ती वेळ मोकळी सोडू नका. फोनमधला गजर काढून टाका आणि त्याच दिवशी दुसरं ठरलेलं काम लावा, शक्यतो घराबाहेरचं आणि कुणाच्या तरी सोबतीनं. कागदपत्रांच्या फेऱ्या या दिवसांवर चांगल्या बसतात.

दुसरं, मित्र हा कागदावर कुणीच नसतो. त्याला सुतक नाही, बहुतेक ऑफिसांत अशा वेळची रजा फक्त घरच्यांसाठी असते. कारण सांगून नकार ऐकत बसण्यापेक्षा साधी किरकोळ रजा टाका. दहनाच्या दिवशी आणि दहाव्याला अशी दोन दिवसांची आधीच मागून ठेवली तर बरं.

वाटसरू_बार्शी
पण इतका लांबचा आजार म्हणजे मनाची तयारी झालेली असते ना? अपघातात गेलेल्या माणसापेक्षा हे सोसायला सोपं जात असावं.

तंत्रज्ञ_मिरज
नाही हो. डायलिसिस युनिटमध्ये काम करतो म्हणून सांगतो: आजार लांबलचक असला तरी मरण बहुधा अचानक येतं. या पेशंटांत मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण हृदय. वर्षानुवर्षं वाढलेला रक्तदाब आणि साठणारं पाणी यांनी हृदयाची भिंत जाड झालेली असते, रक्तवाहिन्यांत कॅल्शियम बसलेलं असतं, आणि दोन डायलिसिसांच्या मधे रक्तातलं पोटॅशियम चढत जातं. मधला खंड जितका मोठा तितका धोका जास्त. म्हणून शेवटच्या डायलिसिसला गप्पा मारत बसलेला माणूस मोठ्या खंडानंतर पहाटे गेल्याचं कळतं. कुटुंब आणि मित्र 'आजाराला' तयार असतात, त्या पहाटेला कुणी तयार नसतं.

यातूनच पुढचा छळ सुरू होतो. शेवटच्या दिवशी त्यानं काय खाल्लं? शहाळं कुणी आणून दिलं? हॉटेलात कोण घेऊन गेलं? बहुतेक वेळा उत्तर 'मित्रानं' असंच असतं, कारण पथ्य मोडायची मुभा माणूस मित्रासमोरच घेतो. आता नीट वाचा. शहाळं, केळं, सुकामेवा, टोमॅटो यांत पोटॅशियम भरपूर असतं आणि ते जपायलाच हवं, हे खरं. पण एका पदार्थावर बोट ठेवता येत नाही. मृत्यूनंतर पेशींमधलं पोटॅशियम बाहेर रक्तात झिरपतं, त्यामुळे त्यानंतर तपासलेला आकडा काहीच सांगत नाही. म्हणजे हा तपास करायला पुरावाच उरलेला नसतो. उत्तम पथ्य पाळणारेही असेच जातात.

'शेवटच्या वेळी त्यानं मशीन तासभर आधी बंद करायला लावलं, मी अडवलं नाही' हेही ऐकू येतं. पायात गोळे येणं, रक्तदाब खाली जाणं, मळमळ यांमुळे पेशंट मशीन थांबवायला सांगतो. तो त्याचा हक्क आहे आणि युनिट त्याची सही घेऊन नोंद करतं. बाहेर बसलेल्या मित्राला तिथे काही बोलता येत नाही.

समन्वय_पुणे
याच्यापुढचा काटा म्हणजे 'मी किडनी का नाही दिली'. प्रत्यारोपणाच्या कागदपत्रांशी रोजचा संबंध आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

१९९४च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार किडनी देऊ शकणारे जवळचे नातेवाईक ठरलेले आहेत: आई-वडील, मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण, नवरा-बायको, २०११च्या दुरुस्तीनंतर आजी-आजोबा आणि नातवंडंही. मित्र यात नाही. मित्राला द्यायची असेल तर प्राधिकार समितीची परवानगी लागते. समिती दोघांची मुलाखत घेते, ओळख किती जुनी याचे पुरावे मागते, दोघांचं उत्पन्न बघते, कारण पैशाचा व्यवहार नाही ना याची खात्री हवी असते. पेशंट श्रीमंत आणि मित्र हलाखीत असेल तर संशय वाढतो. त्याआधी रक्तगट, क्रॉसमॅच (पेशंटचं रक्त दात्याच्या पेशींना विरोध करतं का), सीटी अँजिओग्राफी, साखर, रक्तदाब, लघवीतलं प्रथिन या तपासण्या. सख्ख्या नात्यातले दातेही या चाळणीत गळतात. म्हणजे मनाशी 'हो' म्हणणं आणि किडनी मिळणं यांत फार मोठं अंतर आहे.

आणि ज्यांनी विचार करून नकार दिला, त्यांनी तो हक्कानं दिला. दात्यानं माघार घेतली तर घरच्यांना 'वैद्यकीयदृष्ट्या जुळत नाही' एवढंच सांगायची पद्धत आहे. तेव्हा तेराव्याच्या पंगतीत 'अमक्याची जुळत होती म्हणे' ही चर्चा कुणी काढली तर ती तिथेच थांबवा. मित्रांनी करायचं हे महत्त्वाचं काम आहे.

आणखी एक. मेंदूमृत दात्याच्या किडनीसाठी नाव प्रतीक्षा यादीत असेल, तर ते काढायला सांगा. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या विभागीय समित्या या याद्या पाहतात. नोंदणी दवाखान्यामार्फत झालेली असते. मृत्यू त्याच दवाखान्यात झाला असेल तर ते कळवतात. घरी किंवा दुसरीकडे झाला असेल तर राहून जातं, आणि महिन्यांनी रात्री फोन येतो, 'किडनी आली आहे, किती वेळात पोचाल?' असा फोन आईनं उचलू नये एवढ्यासाठी हे काम पहिल्या आठवड्यातच करा. नोंदणी ज्या दवाखान्यातून झाली तिथल्या प्रत्यारोपण समन्वयकाला फोन करून वर लेखी कळवा.

उंबरठा
प्रतीक्षा यादीचं कुणीच सांगत नाही. वर पिन करा हे.

फाईलवाली
कागदांचं मी लिहिते. आधी हद्द: दावे वारसांनी किंवा नॉमिनींनी करायचे, सही त्यांची. मित्राचं काम म्हणजे फाईल लावणं, झेरॉक्स, रांग आणि पाठपुरावा. गेलेल्याच्या फोनवरून यूपीआयनं त्याच्याच खात्यातले पैसे काढून दवाखान्याचं बिल भागवणं वगैरे 'मदत' अजिबात नको. मृत्यूनंतर त्या खात्याला हात लावायचा नसतो. पुढे भावाभावांत वाद झाला तर बोट तुमच्याकडे वळेल.

मृत्यूची नोंद २१ दिवसांत. दवाखान्यात झाला तर ते कळवतात, घरी झाला तर नेहमीच्या डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचा दाखला (नमुना ४ अ) घ्यावा लागतो. नाव आधारवर जसं आहे तसंच पडतंय ना ते नोंदीच्या वेळीच बघा. पुढची निम्मी अडवणूक स्पेलिंगमुळे होते. दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदम घ्या.

तरुण माणूस असेल तर चार ठिकाणी पैसे अडकलेले असू शकतात आणि घरच्यांना पत्ता नसतो. पासबुक काढून मे-जूनच्या नोंदी बघा. ४३६ रुपये वजा झालेले दिसले तर ती जीवनज्योती विमा योजना: २ लाख, मृत्यूचं कारण काहीही असो. दावा बँकेच्या शाखेत, लवकरात लवकर. २० रुपयांची वजावट म्हणजे सुरक्षा विमा; तो अपघाताचा, इथे लागू नाही. नोकरी चालू असताना मृत्यू झाला असेल तर पीएफसाठी फॉर्म २०, कुटुंब पेन्शनसाठी १० डी आणि विम्यासाठी ५ आयएफ. हा शेवटचा विमा कमाल ७ लाखांपर्यंत असतो आणि सगळ्यात जास्त वेळा राहतो. आजारपणात बिनपगारी रजेवर होता की राजीनामा दिला होता, यावर बरंच अवलंबून असतं. कंपनीकडून हजेरीपटावर नाव होतं का ते लेखी घ्या. ग्रॅच्युइटीला पाच वर्षांची अट असते ती मृत्यूच्या बाबतीत लागू नाही. एचआरवाले 'पाच वर्षं झाली नाहीत' म्हणाले तर हे दाखवा.

दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस १८ ते ५९ वयात गेला असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे २० हजार, अर्ज तहसील कार्यालयात.

मदतनिधी गोळा केला असेल तर? खर्च जुळवून एक पान करा: आले किती, कुठे गेले, उरले किती. उरलेले घरच्यांना द्यायचे की दुसऱ्या पेशंटला, हे देणाऱ्यांना विचारून ठरवा आणि ते पान गटावर टाका. हिशोब लांबला की दुःखाच्या जागी कुजबुज येते.

मिठाशिवाय
घरात राहिलेल्या औषधांचं. फ्रीजमध्ये एरिथ्रोपोएटिनची (रक्त वाढवायची) इंजेक्शनं असतील. ती २ ते ८ अंशांत राहावी लागतात, गोठूनही चालत नाहीत. मधे लाईट गेली होती का, दार उघडं राहिलं होतं का, हे कुणालाच सांगता येत नाही, म्हणून ती ओळखीच्या दुसऱ्या पेशंटला थेट देऊ नका. युनिटला विचारा, त्यांना नको असतील तर तिथेच नष्ट करायला द्या. फॉस्फेट कमी करणाऱ्या गोळ्यांसारख्या न फोडलेल्या पट्ट्या, मुदत शिल्लक असेल तर, युनिटमार्फत गरजूला जाऊ शकतात. इन्सुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत, झाकण टेप लावून. कचरा उचलणाऱ्याच्या हाताचा विचार करा.

पोटाचं डायलिसिस (पोटात द्रव सोडून घरीच करतात ते) असेल तर प्रश्न मोठा. दिवसाला तीन-चार पिशव्या, म्हणजे महिन्याचा साठा ९० ते १२० पिशव्या आणि त्यांचे खोके. अर्धी खोली त्यांनीच भरलेली असते, आणि ती खोली रिकामी करणं आईबापांना जमत नाही. हे मित्रांनी करावं, पण विचारून, आणि एका दिवसात. पिशव्यांवर डेक्स्ट्रोजचं प्रमाण असतं, १.५, २.५, ४.२५ टक्के, ते वेगवेगळे लावून, मुदत लिहून युनिटला यादी पाठवा. परस्पर कुणाला देऊ नका, चुकीचं प्रमाण गेलं तर पाणी जास्त खेचलं जातं.

बीपीचं मशीन मात्र लगेच देऊन टाकू नका. का ते समन्वय_पुणे सांगतील असं वाटतं.

नेटकरी_डोंबिवली
फोनबद्दल. इथे घाई करावी लागते, कारण घड्याळ चालू असतं. प्रीपेड सिम सलग ९० दिवस वापरात नसेल तर बंद होऊ शकतं आणि पुढे तो नंबर दुसऱ्याला मिळतो. व्हॉट्सॅप खातं १२० दिवस निष्क्रिय राहिलं की पुसलं जातं. नंतर एखाद्या रात्री तुम्ही त्या नंबरवर काही लिहिता, आणि परक्या माणसाचा फोटो, 'कोण?' असं उत्तर. हे टाळायचं तर घरच्यांनी मृत्यूदाखला देऊन सिम आपल्या नावावर करून घ्यावं आणि रिचार्ज चालू ठेवावा. 

तुमच्या फोनमधल्या गप्पा तुमच्याकडेच राहतात, पण फोन बदलताना बॅकअप फसला की गेल्या. चॅट उघडा, वरचे तीन ठिपके, 'मोअर', मग 'एक्स्पोर्ट चॅट'. फोटो-आवाजासकट घेतलं तर शेवटचे १० हजार संदेश येतात, नुसता मजकूर घेतला तर ४० हजार. म्हणून दोन्ही प्रकारे एकेकदा काढा. आवाजी निरोप ओपस फाईल म्हणून येतात. साध्या प्लेअरवर वाजत नाहीत, व्हीएलसीवर वाजतात. मेल करायच्या भानगडीत पडू नका, मोठी फाईल अडते, पेनड्राईव्ह घ्या.

फेसबुकवर खातं स्मृतिखातं करायची विनंती मित्रही करू शकतो, मृत्यूचा पुरावा जोडून. खातं कायमचं काढायची विनंती मात्र जवळच्या नातेवाइकाचीच चालते. त्यानं जिवंतपणी 'लेगसी कॉन्टॅक्ट' नेमला असेल तर त्याला फोटो बदलता येतो, वर एक पोस्ट लावता येते. खाजगी संदेश वाचता येत नाहीत. माझ्या मते स्मृतिखातं करून टाकावं, नाहीतर दर वर्षी फेसबुक सगळ्यांना वाढदिवसाची आठवण देत राहतं.

उंबरठा
माझं मत उलट. स्मृतिखातं झालं की त्या खात्यात कुणालाच शिरता येत नाही. त्याआधी घरच्यांना हवे ते फोटो उतरवून घ्या, मग विनंती करा. आणि मित्रांच्या गटातून त्याचा नंबर 'रिमूव्ह' करायचा उत्साह ॲडमिननं दाखवू नये. ती ओळ सगळ्यांना दिसते.

दोन_वाट्या_पाणी
तुम्ही सगळे धडधाकट मित्रांबद्दल लिहिताय. शेजारच्या बेडवरचा माणूस हाही मित्रच असतो, कधीकधी सगळ्यात जवळचा. युनिट बहुतेकदा सांगत नाही. बेडवर नवा माणूस दिसतो, मग कळतं. स्वतः पेशंट असलेल्यांसाठी हे लिहितो.

अंत्यसंस्काराला जायचंच असेल तर त्या दिवशीचं डायलिसिस चुकवू नका. फोन करून पाळी बदलून मागा, नाहीतर दुसऱ्याच दिवशीची घ्या. मानेत कॅथेटर (डायलिसिसची नळी) असेल तर स्मशानातून आल्यावर डोक्यावरून अंघोळ नाही. मानेखालून अंघोळ आणि ओला पंचा पुरे, ड्रेसिंग भिजलं तर संसर्ग थेट रक्तात. फिश्चुलाच्या हातानं खांदा देऊ नका, त्या हातावर भार आणि दाब दोन्ही नको. उन्हात तहान लागते आणि जो तो पाण्याची बाटली पुढे करतो. आपली दिवसाची मोजणी चालूच असते, बर्फाचा खडा चघळा. दिवसांच्या जेवणात आमटी, ताक, शहाळं, केळी. भात आणि कमी मिठाची भाजी एवढं घरून खाऊन जा.

प्रत्यारोपण झालेल्यांनी टॅक्रोलिमसची (शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणूनचं औषध) बारा तासांची वेळ दुःखातही मोडू नये. डबी खिशात, गजर लावलेला. गर्दीत मास्क. अस्थिविसर्जनाला नदीत उतरू नका, काठावर थांबा.

आणि एक, 'पुढचा नंबर आपला' हा विचार युनिटमध्ये सगळ्यांनाच येतो. तो डॉक्टरांना किंवा सिस्टरांना बोलून दाखवा. तो मनात ठेवला की पेशंट पाळी चुकवायला लागतो, आणि ते खरंच जिवावर बेततं.

गंगावेस
विधींचं कुणी विचारलं नाही, तरी लिहिते. मित्राला सुतक नसतं म्हणजे तो मोकळा असतो. सुतकातल्या घरी स्वयंपाक होत नाही तिथे डबा पोचवणं, दहाव्याच्या घाटावरची व्यवस्था, गावाकडच्या माणसांना उतरवून घेणं ही कामं परंपरेनंही त्याच्याचकडे येतात. आणि मित्रासाठी काहीच विधी नाही असं नाही. पितृपक्षातल्या महालयात गुरू, शिष्य यांच्याबरोबर आप्त म्हणून मित्रालाही पिंड देता येतो. गुरुजींना नाव सांगा. मित्र मुसलमान असेल तर चाळिसाव्याला जा. गोव्यातल्या ख्रिस्ती घरात महिन्याची मिसा असते, तिथे कुणीही जाऊन बसू शकतं. वर्षश्राद्ध तिथीनं येतं, तारखेनं नाही. दोन्ही दिवस फोनमध्ये टाका, कारण आईला तिथी लक्षात असते आणि मित्रांना तारीख.

घरी गेल्यावर 'सुटला बिचारा' हे वाक्य तोंडून येऊ देऊ नका. घरच्यांना स्वतःला तसं वाटलेलं असतं आणि त्याची लाजही वाटत असते.

मनोमन_नागपूर
समुपदेशक म्हणून यातलं शेवटचं वाक्य पुढे नेते. हायसं वाटणं हे मित्रांनाही होतं. फेऱ्या संपल्या, रात्रीचे फोन थांबले, पैशाची जुळवाजुळव थांबली. ते आणि दुःख एकाच वेळी असतात. एकामुळे दुसरं खोटं ठरत नाही. अभ्यासकांनीही या गोष्टी पाहिल्या आहेत. केनेथ डोका यांनी १९८० च्या दशकात, समाज ज्याला शोकाचा हक्कच देत नाही अशा माणसांच्या दुःखावर लिहिलं. मित्र त्यात ठळक बसतात. स्ट्रोब आणि शुट यांनी १९९९ मध्ये मांडलं की शोक करणारा माणूस दुःखाकडे आणि रोजच्या कामाकडे आलटून पालटून जातो. म्हणजे सकाळी ढसाढसा रडून दुपारी ऑफिसात हसलात तर काही बिघडलेलं नाही.

बिघडलंय कधी म्हणायचं? पहिल्या महिन्यांत झोप, भूक, लक्ष यांची घडी विस्कटणं अपेक्षित असतं. पण सहा महिने उलटूनही रोज, दिवसाचा बराच वेळ तीच ओढ, काम आणि घर दोन्ही ठप्प, त्याच्या वस्तू किंवा रस्ते टाळण्यासाठी दिनक्रमच बदललेला असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. जागतिक आरोग्य संघटनेचा निकष सहा महिन्यांचाच आहे, अमेरिकी मानसोपचार संघटनेचा प्रौढांसाठी बारा. दारू वाढली असेल किंवा 'मीही जावं' असा विचार येत असेल तर मात्र महिने मोजू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

मित्रांच्या गटात एक जण हमखास 'खंबीर' ठरतो, कारण सगळी धावपळ त्यानं केलेली असते. तेरावा झाला की त्याच्याकडे काम उरत नाही. त्याला तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात फोन करा. 'कसा आहेस' विचारू नका, 'ठीक' असं उत्तर येतं. 'शुक्रवारी सातला चहाला येतोय' एवढं सांगा आणि जा.

समन्वय_पुणे
बीपी मशीनचं उत्तर. कित्येक घरांत आईनं किंवा बायकोनं किडनी दिलेली असते, ती काही वर्षांनी निकामी होते, पेशंट पुन्हा डायलिसिसवर येतो आणि जातो. मग मागे एका किडनीवरची आई राहते. आजवर तिची तपासणी मुलाच्या फेऱ्यांसोबत व्हायची, आता दवाखान्याचं नावही नको असतं, आणि ती बंद पडते. दात्याला वर्षातून एकदा क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते दाखवणारी रक्ततपासणी), लघवीतलं प्रथिन आणि रक्तदाब तपासून घ्यावा लागतो. गुडघे दुखतात म्हणून डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या मनानं घ्यायच्या नाहीत. दर वेळी डॉक्टरांना 'एक किडनी आहे' हे आधी सांगायचं. बीपी मशीन घरात असेल तर महिन्यातून एकदा बघून वहीत लिहिता येतं.

तपासणी त्याच दवाखान्यात नको वाटत असेल तर जवळच्या फिजिशियनकडेही होते, रक्ताला माणूस घरी बोलावता येतो. वर्षश्राद्धाच्या आसपासची तारीख मात्र धरू नका, दोन महिने आधीची घ्या. त्या दिवसांत बीपी तसंही वर असतं आणि कुणाचं लक्ष नसतं.

कोरडी_विहीर
@समन्वय_पुणे, दात्याची जुनी फाईल सापडत नसेल तर?

समन्वय_पुणे
ज्या दवाखान्यात प्रत्यारोपण झालं तिथल्या नोंदणी विभागात दात्याच्या नावानं वेगळा केसपेपर असतो, मुलाच्या फाईलमध्ये शोधू नका. शस्त्रक्रियेची तारीख आणि दात्याचं आधार घेऊन अर्ज करा, डिस्चार्ज कार्डाची प्रत मागा. त्यात शस्त्रक्रियेच्या वेळचं क्रिएटिनिन लिहिलेलं असतं, पुढच्या डॉक्टरला तुलनेला तोच आकडा हवा असतो.